यजमान बसला

२८ ऑक्टोबर

रादोयेने गोळ्या पुन्हा खणात ढकलल्या. "कंपवात म्हाताऱ्यांना होतो. मी जन्मभर लाकूडतोडीची मशीन धरली, हात थरथरणारच."

शर्टाची बटणं मी लावली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. पूर्वी मी बटण लावायला वाकले की केसांत फुंकर मारायचा.

३१ ऑक्टोबर

शहरात डॉक्टरीणबाईंना एकटीच भेटून आले. "त्यांना पटवायच्या मागे लागू नका. कशाची भीती वाटते तेवढं विचारा, आणि ऐका."

२ नोव्हेंबर

विचारलं. त्याने चुलीत लाकूड सारलं. मग —

"स्लावाच्या सणाला बसावं लागेल याची. आपल्या घरात कुलसंताच्या दिवशी यजमान बसलेला कुणी पाहिलाय का? बाबा गेले त्या वर्षीसुद्धा दिवसभर उभे राहून पेले भरत होते."

त्याचा हात धरावासा वाटला. त्याने तो खिशात घातला होता.

९ नोव्हेंबर

आज त्याने लाडाने हाक मारली. अगदी लग्नाआधी मारायचा तशी. धावत गेले — मांजराला बोलावत होता.

१६ नोव्हेंबर

स्लावा. पाद्रीबाबांबरोबर सणाचा पाव फिरवून मोडायचा, तेवढं निभावलं. मग पाहुण्यांना राकिया, घरची फळांची दारू, ओतायला लागला. तिहोमिर — आमच्या लग्नातला साक्षीदार, जिभेला हाड नाही — ओरडला, "अरे, मलाही दे की! अर्धी टेबलालाच पाजलीस!"

सगळे हसले. रादोयेही हसला. बाटली खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बसला.

"कंपवात झालाय मला," म्हणाला. "आता तू ओत."

तिहोमिर उठला, बाटली घेतली. "मग आधी यजमानाला," म्हणाला आणि त्याचा पेला अर्धाच भरला, सांडू नये इतका.

एवढे दिवस याच शब्दांसाठी झुरले होते मी. आणि केलं काय? त्याच्या कानाशी वाकले नि म्हणाले, "ऊठ ना. लोक बघतायत."

१७ नोव्हेंबर

सकाळी त्याने आपणहून पाणी मागितलं, गोळी घेतली. मी अंगणात जाऊन उभी राहिले. तो नाही म्हणत होता तोवर मलाही वाटत होतं — डॉक्टरीणबाईंचंच चुकलं असेल.