आलेल्याला आधी पाणी

तेर, मंगळवार, दिवेलागण

आज अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. पण दारातला तो फ्लेक्स डोळ्यांपुढून हलत न्हाय. फोटोखाली अण्णांचंच नेहमीचं वाक्य, "आलेल्याला आधी पाणी द्यावं, मग गाव विचारावं." आणि त्याखाली नाव आमदारसाहेबांचं! फ्लेक्सवाल्याला झापलं, तर म्हणतो, "मोठ्याचं नाव टाकलं की वजन येतं."

दुपारी साहेब आले. वाचून थबकले. "असं मी कधी म्हणालो?" मग स्वतःच हसले, "म्हणालो असेन."

आई म्हणाली, "साहेब, हे आमचे मालक म्हणायचे."

"माझंच ऐकून म्हणत असतील."

माझी जीभ का रेटली न्हाय? अण्णांचं तेवढंच तर मागं उरलं होतं.

आईनं मात्र साहेब उठेपर्यंत माठावरचा पाण्याचा तांब्या जागचा हलवला न्हाय.