घर बदलणाऱ्या बारकीला दादाचं दोन ओळींचं उत्तर

चि. बारकीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. ते या पाकिटात चहूबाजूंनी कागद कोंबून, नीट बांधून पाठवले आहेत. तरी उघडताना जरा जपून. आमच्याकडे सगळं ठीक. आईचे गुडघे बरे आहेत, तुझ्या वहिनीचा आवाज बरा आहे (माझ्या मानाने जरा जास्तच बरा आहे) आणि माझी कंबर गेला महिनाभर माझ्याशी बोलत नाही. तुझी, जावईबुवांची आणि त्यांच्या सर्दीची खुशाली कळव.

परवा फोनवर तू म्हणालीस, "दादा, आम्ही पुढच्या महिन्यात घर बदलतोय. तुम्ही नुकतंच बदललंत, तर काय काय लक्षात ठेवायचं ते मला दोन ओळींत सांग." मी फोन ठेवून विचार करायला बसलो. पहिली ओळ लगेच सुचली, ती म्हणजे "बदलू नका". पण तुम्ही मालकांना कळवून मोकळे झालात, तेव्हा ती ओळ वाया गेली. दुसरी काही केल्या दोन ओळींत मावेना. म्हणून हे पत्र.

आमचं घर बदलायचं ठरलं ते आईसाठी, हे तुला माहीत आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि आई खाली उतरली की वर येताना प्रत्येक मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या दारात बसून गप्पा मारायची. (दम लागला असं कधी म्हणायची नाही. "त्यांची चौकशी करायला थांबले" म्हणायची. एका मजल्यावर चौकशी करायला कुणी उरलं नव्हतं, तिथेही थांबायची.) तळमजल्यावरचं घर मिळालं, मी पेढे आणल्यासारख्या तोंडाने बातमी सांगितली, तर आई म्हणाली, "बघू." आईचं "बघू" तुला ठाऊक आहे. मी मॅट्रिकनंतर नाटकात जाणार म्हटलं तेव्हाही ती "बघू" म्हणाली होती, आणि आज मी सव्वीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतो आहे.

आता पहिला सल्ला. सगळे सांगतात, महिनाभर आधीपासून बांधाबांध सुरू करा. मी तेच केलं. ज्या वस्तू रोज लागत नाहीत त्या आधी बांधायच्या, हेही वाचलं होतं. पण रोज काय लागतं हे पुरुषाला ठाऊक नसतं, असं तुझ्या वहिनीचं मत आहे आणि ते तिने पुराव्यानिशी सिद्ध केलं. पहिल्याच रविवारी मी चहाची गाळणी, कात्री, सुईदोरा आणि नखं कापायचं यंत्र अशा 'किरकोळ' वस्तू एका खोक्यात भरून चिकटपट्टीने असं काही बंद केलं, की ते उघडायला कात्रीच हवी. पुढचे तीन आठवडे आम्ही माझ्या रुमालातून गाळलेला चहा प्यायलो. तेव्हा बारके, एक पिशवी वेगळी ठेव. तिच्यात गाळणी, कात्री, साबण, औषधं, दोन कपडे, फोनची वायर आणि सगळी कागदपत्रं. ही पिशवी शेवटी बांधायची, पहिली उघडायची आणि कोणत्याही परिस्थितीत नवऱ्याच्या हातात द्यायची नाही.

दुसरा सल्ला खोक्यांवर लिहिण्याबद्दल. हे काम वहिनीने स्वतःकडे घेतलं, कारण माझं अक्षर. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे, वादच नाही. पण चोवीस खोक्यांपैकी एकोणीस खोक्यांवर तिने त्या मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलं होतं : "महत्त्वाचे". आत काय आहे, कुठल्या खोलीत ठेवायचं, काही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मग बिनमहत्त्वाचं आपण कशाला नेऊ?" माझ्या साच्यांचं खोकंही त्याच एकोणिसांत होतं. (डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून मी साचा काढतो आणि त्याच्यावर कवळी घडवतो. काम झालं की साचा टाकायचा असतो. पण एखादा जबडा इतका सुरेख निघतो की टाकवत नाही. असे साठेक जबडे मी घरी जपून ठेवले आहेत. वहिनी त्यांना माझं मित्रमंडळ म्हणते.)

तिसरा सल्ला, तारीख लेखी घे. आपले मालक, ज्यांना तू शाळेत असताना 'होहो' नाव ठेवलंस, अजून तसेच आहेत. नळ गळतो म्हटलं, हो हो. खिडकी लागत नाही म्हटलं, हो हो. तेहतीस वर्षांत या माणसाने एका गोष्टीला नाही म्हटलं नाही आणि एक गोष्ट केली नाही. एक सोडून : आईसाठी जिन्याला कठडा बसवा म्हणून मी इतका मागे लागलो, की गेल्या वर्षी त्यांनी खरंच जाडजूड लोखंडी कठडा बसवला. त्याच्याविषयी पुढे येईलच. तर मी त्यांना विचारलं, "तीस तारखेला दुपारपर्यंत घर सोडलं तर चालेल ना?" हो हो. नव्या भाडेकरूंनी विचारलं, "तीस तारखेला सकाळी सामान आणलं तर चालेल ना?" हो हो.

त्यामुळे तीस तारखेला सकाळी दहा वाजता दारात दोन ट्रक तोंडाला तोंड लावून उभे राहिले. नवे भाडेकरू म्हणजे एक पोहायला शिकवणाऱ्या बाई, त्यांचे यजमान आणि पाठीत वाकलेले, तोंडाचं बोळकं झालेले सासरे. भली माणसं. भांडायला तयार होऊन आलेल्या माणसाची अगदी निराशा व्हावी इतकी भली. त्यांची खोकी आमच्या खोक्यांशेजारी खाली जिन्यात लागली. त्यांच्या घरीही कुणाचं तरी अक्षर सुंदर होतं, आणि त्यांच्याही खोक्यांवर "महत्त्वाचे" लिहिलेलं होतं.

वहिनी पहिल्या खेपेबरोबर नव्या घरी गेली. वर राहिलं फक्त बाबांचं लाकडी कपाट, एक खुर्ची आणि खुर्चीत आई. आईने सकाळपासून जागा सोडली नव्हती. मी दोनदा म्हटलं, "आई, चल ना, गाडीत बसवतो." ती म्हणाली, "तुमचं होऊ दे." मला धाकधूक वाटत होती, खरं सांगतो. बाबा त्या घरात गेले. ऐन वेळी ती "मी नाही येत" म्हणाली तर मी काय करणार होतो? हमालांना सांगून खुर्चीसकट उचलून नेणार होतो?

आता चौथा सल्ला, आणि हा भिंतीवर लिहून ठेव. फक्त दाराचं माप घेऊ नकोस, जिन्याच्या वळणाचंही घे. मी कपाट तीनदा मोजलं होतं, नव्या घराचं दार दोनदा मोजलं होतं. जिना मोजला नाही, कारण कपाट याच जिन्याने वर आलं होतं. पण ते आलं तेव्हा कठडा नव्हता! तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट एका अंगाला भिंतीला आणि दुसऱ्या अंगाला माझ्याच चिकाटीने बसलेल्या त्या कठड्याला असं टेकलं, की पुढे नाही आणि मागे नाही. मुकादम आणि एक हमाल वर, दोन हमाल खाली, त्यांच्या खाली नव्या लोकांची गादी घेतलेली माणसं, आणि कोपऱ्यात, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर जागेत, मी. मार्गदर्शन करायला गेलो होतो. मुकादम म्हणाला, "साहेब, तुम्ही तिथे गेलातच कशाला?" मी म्हटलं, ते नंतर बोलू.

पाऊण तास मी त्या कोपऱ्यात होतो. हलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं, कारण रिकाम्या घरातला आवाज जिन्यात स्वच्छ येतो. बाई आणि त्यांचे सासरे कपाटाच्या आधीच वर पोचले होते. पहिल्यांदा आई म्हणाली, "बसा, खुर्ची एकच आहे, पण बसा." मग तिच्या पावलांचा आवाज आला. ती उठली होती.

"हा नळ अर्धाच फिरवायचा," आई सांगत होती. "पुरता फिरवलात की रडतो. या खिडकीला कागदाची घडी लावायची, नाहीतर वाऱ्याने वाजते. ही फरशी हलते, तिच्यावर बादली ठेवू नका. थंडीत साडेआठला ऊन इथे येतं, बरोब्बर इथे. आजोबा, तुमची खुर्ची इथे टाका. यांची इथेच असायची. आणि त्या दाराच्या मागे पेन्सिलीच्या खुणा आहेत, मुलांची उंची मोजलेली. पुसायच्या असतील तर पुसा हो. आता मुलं काही वाढायची नाहीत."

अख्खं घर तिने खोली-खोलीने त्यांच्या ओटीत घातलं. शेवटी त्या आजोबांचा बोळका आवाज आला, "काळजी करू नका ताई, मी बसेन उन्हात." बारके, माझ्या डोळ्यांना पाण्याची धार लागली होती. (कपाटाच्या मागे तेहतीस वर्षांची धूळ होती, आणि हात मोकळे नव्हते.)

सुटका पोहण्याच्या बाईंनी केली. त्या खाली आल्या, कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरून अशी फुंकली की खालच्या मजल्यावरची माणसंही सरळ उभी राहिली. "दारं काढा! वरचे, उचला! खालचे, गुडघे वाका! कोपऱ्यातले, श्वास सोडा!" कोपऱ्यातला म्हणजे मी. मी असेल नसेल तेवढा श्वास सोडला, कपाट तिरकं झालं आणि लोण्यातून सुरी जावी तसं निघालं. दारं आधी काढायची असतात, हे मुकादम पहिल्यापासून म्हणत होता म्हणे. मीच नको म्हटलं होतं. असेल, मला आठवत नाही.

आई त्यानंतर कठड्याला धरून एका दमात चार मजले उतरली. कुठेही चौकशीला थांबली नाही.

नव्या घरी संध्याकाळी माझे कपडे काढावेत म्हणून "महत्त्वाचे" उघडलं, तर आत चाळीस रबरी टोप्या आणि पाण्यात घालायचे चष्मे. त्याच वेळी आजोबांचा फोन आला. त्यांनी आमचं खोकं उघडून साठच्या साठ जबडे खिडकीत ओळीने मांडले होते आणि अत्यंत अदबीने विचारत होते, "घरमालकांनी म्हणे सगळी सोय करून ठेवली आहे. यातला माझ्या मापाचा कुठला?" दुसऱ्या दिवशी मी खोकं बदलून आणायला गेलो आणि येताना त्यांचा ठसा घेऊन आलो. सव्वीस वर्षांत इतकी चांगली कवळी माझ्या हातून झाली नव्हती. ते आता शेंगदाणे खातात, आणि आई दर गुरुवारी त्यांना आमच्या तळमजल्यावर चहाला बोलावते.

बाकी काय, जुन्या पत्त्यावर येणारी पत्रं वळवून घे, मीटरवरचे आकडे लिहून ठेव, रिकाम्या खोल्यांचे फोटो काढून मगच किल्ली दे. आणि घर सोडताना नव्या माणसाला नळाचं आणि खिडकीचं सांग. ते कुठल्याही यादीत लिहिलेलं नसतं.

जावईबुवांना नमस्कार. सर्दीला विश्रांती.

तुझा,
दादा

ता. क. तू फोनवर म्हणालीस, "सामानवाले सगळं करणार आहेत, तू मुळीच त्रास घेऊ नकोस." मला राग आलेला नाही. पण ही माणसं परकी असतात गं.

ता. क. २ मी चौदा तारखेपासून चार दिवसांची रजा टाकली आहे. मंजूरही झाली. तिकीटही काढलं. आता नाही म्हणू नकोस.

ता. क. ३ (ही ओळ आईची.) बारके, याने पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मी माझी ट्रंक पहिल्याच दिवशी बांधून ठेवली होती. हाच रोज एकेक खोकं उघडून आतलं पाहत बसायचा, म्हणून महिना लागला. त्या दिवशी मी खुर्चीत बसून होते ती हा घर सोडून आधी जिना उतरेल याची वाट बघत. कपाट काढायला याला कुणी बोलावलं नव्हतं. त्या कोपऱ्यात हा आपण होऊन शिरला. घराचं सगळं मी मुद्दाम मोठ्याने सांगत होते, याला जिन्यात ऐकू जावं म्हणून. आणि कपाटामागे धूळ नव्हती. आदल्या दिवशी मी स्वतः पुसलं होतं.

त्याला येऊ दे. आला की त्याच्यावर एखादं महत्त्वाचं काम सोपव, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी करून घे.