पापाटोएटोची लिफ्टर

आई, ज्या खेळापायी तू माझ्या पाठीत धपाटे घातलेस तो खेळ मी परत खेळले. तेही न्यूझीलंडमध्ये, आणि तेही एका फिलिपिनो बाईच्या हट्टामुळे. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते, त्यानंतर व्हॉलीबॉलला हात लावला नव्हता. कॉलेज अर्धवट सोडलं (तू असतीस तर याचंच एक वेगळं पत्र झालं असतं), मग पुणे, मग गोवा, मग इथे येऊन किवीच्या बागांत फळं तोडली, दक्षिणेकडे एका गावात मेंढ्यांच्या लोकरीचं काम केलं. मेंढ्यांचं राहू दे, त्यावर सुरू झाले तर थांबणार नाही. सध्या ऑकलंडला आहे. पेनरोजच्या एका डेपोत खोकी उचलते आणि पापाटोएटोला राहते. तिथे खाली उतरलं की ताजा कढीपत्ता मिळतो, आणि जँडल्स म्हणजे आपल्या स्लिपर घालून दुकानात गेलं तरी कोणी बघत नाही. पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाहीच. माझ्यासोबत फ्लॅटमध्ये राहायची तिच्याबद्दल आहे.

तिला मी आते म्हणते. फिलिपिनो लोकांत आते म्हणजे ताई. डेपोत ती माझ्याच रांगेत होती. बुटकी, केस करकचून बांधलेले, बोटांना कायम पांढरी चिकटपट्टी. मला वाटायचं खोक्यांनी कापत असेल. एक दिवस फोर्कलिफ्टवर नवीन माणूस आला, तोही तिकडचाच. त्याला सगळे कुया म्हणजे दादा म्हणतात. त्याने आतेला बघितलं आणि गाडी मध्येच थांबवली. वर माल लटकतोय, मागे दुसरा हॉर्न वाजवतोय, आणि हा खाली उतरून छातीवर हात ठेवून उभा. म्हणाला, "माझ्या बायकोनं चर्चमध्ये तुमच्या गुडघ्यासाठी मेणबत्ती लावली होती." आते म्हणाली, "तिला सांगा, अर्धी लागू पडली." आणि पुढचं खोकं उचललं.

त्या संध्याकाळी मी तिच्या मागेच लागले. ती ओट्याशी उभी राहून व्हिनेगरमध्ये चिकन शिजवत होती, मी कांदे सोलत होते, आणि ती अगदी रेशनच्या रांगेतली हकिगत सांगावी तशी सांगत होती. आई, त्यांच्याकडे बायकांचं व्हॉलीबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट. स्टेडियम भरतात, रस्त्यावर लोक थांबवून फोटो काढतात. ही एका लहानशा बेटावरची. शाळेत नेट फाटलं की बाप मासे धरायचं जाळं बांधून द्यायचा. मनिलाच्या विद्यापीठाचे लोक आले होते ते तिच्या उंच मैत्रिणीला बघायला. ती एकामागून एक स्मॅश मारत होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कोचबाईंनी विचारलं, पण हिला चेंडू कोण देतंय? आणि नेलं ते हिला. म्हणजे ही लिफ्टर, आई. इथे सेटर म्हणतात, पण काम तेच. दुसरीला मारता यावं म्हणून चेंडू उचलून द्यायचा, आणि टाळ्या तिला मिळू द्यायच्या. विद्यापीठाला जिंकून दिलं, मग क्लब, मग देशाच्या टीमच्या कॅम्पचं बोलावणं. आणि कॅम्पच्या आधी सेमीफायनलला उडी मारून खाली येताना गुडघा गेला. ऑपरेशन झालं, क्लबनं पुन्हा करार केला नाही, आणि ती बहिणीच्या मागे ऑकलंडला आली.

हे सगळं सांगून झालं आणि तिने हात पुढे केला, "कांदा." मी टाकला. तिने तो परत माझ्याकडे उडवला. आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, तो बोटांच्या टोकांवर झेलला. तळहाताला लागू न देता. तू स्वयंपाकघराच्या दारातून चेंडू फेकायचीस ना, आणि तळव्याचा चट्कन आवाज आला की ओरडायचीस, "पोळीचं पीठ आहे का ते?" आतेने गॅस बारीक केला. माझ्याकडे नीट बघितलं. "कुणी शिकवलं?"

"आईनं."

"मग आत्तापर्यंत बोलली का नाहीस, येडपट?"

असं मी टीममध्ये गेले. अवोन्डेलच्या एका हॉलमध्ये त्यांच्या लोकांची स्पर्धा असते. उद्घाटनाला प्रत्येक टीमपुढे पट्टा घालून एक सुंदरी चालते, ही त्यांची पद्धतच आहे. आमची सुंदरी कुयाची सासू होती, आणि तिने हात असा हलवला की राणीनं शिकून घ्यावं. मी मागच्या फळीत. कारण सरळ आहे, बाकी कुणाला तिथे उभं राहायचं नव्हतं.

आता मुद्द्याचं. फायनलच्या जरा आधी मनिलाहून आतेला निरोप आला. एका क्लबची सेटर ऐन हंगामात जायबंदी झाली होती. तिथल्या कोचबाई म्हणाल्या, तू कोण होतीस ते मला माहितीये, गुडघा काय आहे ते माहीत नाही. एक अख्खी मॅच पाठव. निवडक तुकडे नकोत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिच्या वयाला असा निरोप दुसऱ्यांदा येत नाही. ती तसं म्हणाली नाही, पण रात्रीच्या भाताला मीठ घालायची विसरली. आम्ही तसाच खाल्ला.

फायनलला कुया फोनवर शूटिंग करत भिंतीशी उभा. पहिला सेट आम्ही घेतला. आई, तिला जवळून बघायला हवं होतंस तू. चेंडू तिच्या हातात येतोय कधी, जातोय कधी, कळत नाही, आणि समोरच्या तिघी भलतीकडेच उड्या मारतायत. दुसरा सेट अटीतटीला आला. समोरच्या पोरीची सर्व्हिस नेटच्या पट्टीला घासली आणि अलगद माझ्यासमोर उतरायला लागली. आणि मी हात वर केला. "नेट!" म्हणून ओरडले, आता सर्व्हिस आमची असं धरून मागे जायला वळले. चेंडू माझ्या मागे टप्प टप्प करत गेला. पॉइंट त्यांचा, सेट त्यांचा.

नियम कधीचा बदललाय, नेटला लागून आलेली सर्व्हिस खेळायची असते. तुलाही माहीत होतं. तू कॉलनीतल्या पोरींना शिकवायचीस, त्यातल्या एकीने पेपरातलं कात्रण आणून दाखवलं होतं, तर तू म्हणालीस, "ते आळशांसाठी. माझ्या ग्राउंडवर नेट म्हणजे नेट." झालं. तुझं ग्राउंड माझ्याबरोबर अवोन्डेलपर्यंत आलं.

आते जवळ आली. मला वाटलं आता खाते. "काय होतं ते?"

"आमच्याकडे फाउल असतो. आई म्हणायची..."

"तुझी आई रेफरी आहे का इथं?"

"नाही."

"मग खेळ. आणि ऐक, चेंडू कसाही वर काढ. वाकडा, तिकडा, छताला. मी येते."

त्यानंतर माझे हात असे बिथरले की एकही पास सरळ जाईना. एक बाकांकडे, एक पंचाच्या खुर्चीकडे, एक तर कुयाच्या सासूच्या मांडीत जाता जाता राहिला. आणि प्रत्येकाच्या मागे ती. त्याच गुडघ्यावर धावत, घसरत, एकदा नेटकडे पाठ करून, जमिनीवर बसल्या बसल्या डोक्यावरून मागे असा चेंडू दिला की आमच्या पोरीने नुसता हात लावला तरी तो पडला. पंच गोरा म्हातारा होता, तोही शिट्टी तोंडातून काढून "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणाला. पाचवा सेट आम्ही हरलो. अगदी थोडक्यात, पण हरलो. घरी येताना ट्रेनमध्ये ती गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून खिडकीबाहेर बघत होती आणि मी बोलायला तोंड उघडलं की म्हणायची, "पापाटोएटो आलं की बोल." पापाटोएटो आलं, मी तिची बॅग खांद्याला लावली.

उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. सकाळची वेळ, मी चहा गाळतेय, आणि तिने आलेला व्हॉइस मेसेज स्पीकरवर लावला. कोचबाईंचा आवाज तुझ्यासारखाच, रागावल्यासारखा. आते वाक्यावाक्याला थांबवून मला इंग्रजीत सांगत होती. "ती पास देणारी मुलगी कोण आहे? भयंकर आहे. चांगल्या पासवर कुणीही चेंडू उचलून देतं, त्यातून मला काय कळणार होतं? तिच्यामुळे तुला पळताना बघितलं. तिला माझे आभार सांग. आणि तू सोमवारी ये." आते हसायला लागली, मग हसता हसता ओट्यावर डोकं टेकून रडली. मी चहा सांडला. म्हणजे माझा अपमान झाला होता का कौतुक, अजून ठरलेलं नाही, पण आई, मी आयुष्यात कुणाच्या एवढी कामाला आले नव्हते.

काल रात्रपाळीच्या स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, तिची मॅच होती. कुयाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. डेपोतले सगळे गोळा, सामोअन, पंजाबी, आमचा किवी सुपरवायझरसुद्धा. पहिला सेट ती बाकावर. दुसऱ्यात मागे पडल्यावर कोचबाईंनी बोट केलं आणि ती उठली. गुडघ्याला काळं कापड. अख्खं स्टेडियम तिचं नाव घेऊन ओरडायला लागलं, एवढ्याशा फोनमधून ते कँटीनभर घुमलं. ती लाइनवर आली, बोटं एकदा कपड्याला पुसली आणि पहिलाच चेंडू असा मऊ ठेवला की सुपरवायझर म्हणाला, यानंतर कोण खोकी उचलणार? सुट्टी संपली होती. कुणी उठलं नाही, त्यानेही उठवलं नाही.

मी खुर्चीवर चढून ओरडत होते. एका पंजाबी मुलीने विचारलं, तुला या खेळातलं एवढं कसं कळतं गं? मी म्हटलं, माझी आई खेळायची. लिफ्टरच होती. कुठपर्यंत खेळली, तिने विचारलं.

स्टेटला, मी म्हटलं. आई, तू जिल्ह्याच्या पुढे गेली नव्हतीस. स्टेटसाठी निवड झाली होती, कॅम्पच्या आठवड्यातच लग्न लावलं तुझं. हे मला मावशीने सांगितलं, तू कधीच नाही. तरी मी स्टेट म्हटलं, आणि कुयाने मान डोलावली, जणू त्याला माहीतच होतं. हे पत्र फोनमध्येच राहणार आहे, तेव्हा सांगून टाकते. मी ते दुरुस्त केलं नाही, आणि करणारही नाहीये.