मामाची झडती

६ सप्टें. ७४
बाबा अजून तेच धरून बसले. चिठ्ठीत पुन्हा, मामा तुरुंगात बसला अन् तू तुरुंगाचा शिपाई होऊन राह्यला, लोकाले तोंड कसं दाखवू. मंग गावाले, धनजले, कोणती नोकरी ठेवली माह्यासाठी? सातवी नापास. इथं पुण्याले तीन महिन्याचं ट्रेनिंग, एक महिना झाला, सर्टिफिकेट भेटलं की पक्का शिपाई. नाही तर पुन्हा वावरात बैलाच्या डवऱ्यामागं. उत्तर नाही लिहिलं.

११ सप्टें.
वर्गात साहेबानं विचारलं, आत कोणाचं नात्यातलं असंल तर आत्ताच सांगा. मामा इथंच आहे, तीन नंबर बराकीत. मले माहीत होतं. घरी पाठवतील असं वाटलं. हात वर नाही केला.

२० सप्टें.
सकाळच्या गिनतीले मामा दिसला. कैदी जोडी जोडीनं बसले होते, हा शेवटच्या जोडीत. लय वाळला. वावराच्या बांधाच्या, धुऱ्याच्या भांडणात एकदा दांडा मारला, त्यात सगळं गेलं. माह्याकडं पाह्यलं अन् मान फिरवली. माह्यासाठीच. मले बरं वाटलं. हेच वाईट.

४ ऑक्टो.
बाबाची चिठ्ठी. चांगल्या वागणुकीच्या माफीचे दिवस धरून मामा दिवाळीआधी सुटते म्हणे. मामाच्या गावाले, अनसिंगले, मामी आतापासून घर सारवून राह्यली.

१९ ऑक्टो.
झडतीची परीक्षा. कैदी ओळीनं उभे केले, माह्यापुढं मामाच. टोपी, काखा, नाडा, सगळं पाह्यलं. पाय तेवढे सोडले. आमच्याकडं भाचा मामाच्या पायाले हात लावत नाही, मामाच भाच्याच्या पाया पडते. झडती शिकवणारे उस्तादजी म्हणे, "पाय काय तुझी बायको तपासणार?" पोरं हसली. खाली बसलो, पायाले हात घातला. मामानं झटक्यानं पाय मागं घेतला. मलेच ऐकू येईल इतक्या हळू म्हणे, "नको बापू."
उस्तादजीले वाटलं काही लपवते. दोघातिघांनी धरून पाह्यलं. काहीच नाही निघालं. तरी झडतीले आडवा आला म्हणून जेलरसाहेबाकडं नेलं.
जेलरसाहेबानं मले विचारलं, "का रे, पाय का ओढला यानं?"
"माहीत नाही साहेब."

२० ऑक्टो.
मामाची माफी कापली. आता दिवाळीले काही सुटत नाही. हा माहा मामा आहे, एवढंच बोलायचं होतं. एवढंच

५ नोव्हें.
सर्टिफिकेट भेटलं. झडतीत सगळ्यात जास्त मार्क. मोठ्या साहेबाचं भाषण झालं, कैदी हाही माणूस आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी बी.

७ नोव्हें.
हौदापाशी मामा एकटा सापडला. मी काही बोलायच्या आत म्हणे, "नोकरी धरून ठेव. मी काय, होळीले येईन." अन् बादली घेऊन गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ नोव्हें. शनि.
बाबा लिहितेत, मामी रोज विचारते, कोणत्या गाडीनं येऊन राह्यले, स्टेशनावर जाते मी. तिले कोणी सांगितलंच नाही.
जेलरसाहेब सोमवारी फेरीले येतेत. कापलेली माफी साहेबाच्या मनात आलं तर परत भेटते, वर्गात शिकवलं होतं. पण मंग मले विचारतील, तवा काहून चूप बसला. सर्टिफिकेट राह्यते का जाते... सोमवारी पाहू. पाहू काय, बोललं पाहिजे.
पोष्टात जाऊन मामीच्या नावानं मनीऑर्डर केली. खाली दोन ओळी लिहाले जागा असते, खिडकीवरचा बाबू म्हणे लिही लवकर. तशीच कोरी दिली. चाळीस रुपये.