मधल्या खोलीवरचं टिन

११ एप्रिल
त्या सकाळी मी चहासुद्धा न घेता शिडी लावली होती. ऑक्टोबरमधली गोष्ट. बाबा राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्याला मोझरीला गेले होते, सात दिवसांसाठी. ते परत यायच्या आत घरावरचे मातीचे कवेलू उतरवून टिन चढवायचं, असं मी ठरवलं होतं. वानरांनी वैताग आणला होता. उड्या मारून रोज दोन-चार कवेलू फोडायचे. शेजारचे देवमनभाऊ दरवर्षी मृगाआधी वर चढून कवेलू फेरून द्यायचे, फुटके बदलून फटी बुजवायचे, पण त्यांचे गुडघे गेले. कारण खोटं नव्हतं. पण बाबा घरी नसतानाच का काढले, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आज बाबांनी मधल्या खोलीतली आपली खाट उचलली आणि मागच्या कोठ्यात नेली. बैल विकल्यापासून कोठा रिकामाच आहे. त्याच्यावर अजून जुने कवेलू आहेत.

“काहून बाबा?”

“तिथं बरं वाटते.”

एवढंच.

१२ एप्रिल
पारा चव्वेचाळीस. ललिता म्हणते, टिनाखाली पीठ ठेवलं तर चुलीशिवाय भाकरी होईल. हसलो नाही.

१५ एप्रिल
टिनावर तुरीच्या वाळल्या तुराट्या पसरल्या, वर गोणपाट टाकलं, पाणी मारलं. खोली थोडी निवली. बाबांना सांगायला गेलो. “मंग झोप आता सुखानं,” म्हणाले. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल
वानरांनी सगळ्या तुराट्या अंगणात फेकल्या.

२२ एप्रिल
गंगूबाई नळावर ललिताला म्हणाली, “बैलाच्या जागी सासरा बांधला काय वं?” बायका हसल्या. ललितानं हे मला भांडी घासता घासता सांगितलं, माझ्याकडे न पाहता. मग म्हणाली, “तिले काय सांगू? मीच रोज कोठ्यात ताट नेऊन राहिली.”

कोठ्याची मागची भिंत मातीची. गेल्या पावसाळ्यात पोट काढलं आहे तिनं. पाऊस लागायच्या आत बाबांना घरात आणलं नाही, तर ती भिंत एक दिवस त्यांच्या खाटेवरच बसेल.

२८ एप्रिल
टिनाला पांढरा रंग दिला. कूलर आणला. बाबांना हाताला धरून आत आणलं. पाहुण्यासारखे पाच मिनिटं बसले. “चांगला हाय,” म्हणाले आणि गेले.

४ मे
सेमाडोहला जाऊन आलो. आमचे कवेलू तिकडच्या एका पर्यटक निवासानं नेले होते. शहरातल्या लोकांना जुन्या घराचं रूप लागतं म्हणे. परत मागावे म्हणून गेलो होतो. मालक भला माणूस. “काका, लोक राहून राहिले ना खोल्यांत. आता कसे उतरवू?”

एक खोली रिकामी होती, ती दाखवली. वर आमचे कवेलू आणि त्यांच्याखाली प्लायवूड ठोकलेलं. भर दुपारी आत दिवा लावावा लागला.

“लोकाईले धूळ चालत नाही,” तो म्हणाला.

येताना घाटभर त्या अंधाराचंच मनात येत राहिलं. का, ते कळलं नाही.

१० मे
देवमनभाऊंकडे बसलो होतो. रंगाचं, कूलरचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, “नुसतं गरमीचं नाही ते, चंद्रभान. तुह्या बापाले घड्याळ कुठं पायता येते? सकाळी मधल्या खोलीत एका फटीतून कवडसा पडे. भिंतीवरून उतरत देव्हाऱ्यावर आला का प्रार्थना, खाली खाटेवर आला का चहा. मी फेराले चढलो का खालून वरडे, देवमन, तेवढी फट बुजवू नको बाप्पा.”

त्या घरात मी जन्मलो. तो कवडसा रोज माझ्या डोळ्यांसमोर उतरत असणार.

११ मे
सकाळीच कोठ्यात डोकावलो. मातीच्या भिंतीवर बोराएवढा उजेड पडला होता. बाबा त्याच्यासमोर हात जोडून बसले होते. मी चपला हातात घेऊन परत आलो.

२० मे
ठरवलं. मधल्या खोलीवरची टिनं काढायची आणि कोठ्याचे कवेलू तिथं चढवायचे. नितेश मिस्त्रीला उद्या यायला सांगून आलो. मन हलकं झालं होतं.

जेवताना ललिता म्हणाली, “बाबांना विचारलं?”

नाही विचारलं. पुन्हा तेच! तीच शिडी, तोच मी.

नितेशला फोन करून नको म्हटलं.

२१ मे
विचारायला निघालो. कोठ्याच्या दारातून परत आलो.

२२ मे
संध्याकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटले की ऑक्टोबरची ती सकाळ दिसते. देवापुढे बसायचं आणि बापापुढे जायची हिंमत नाही.

२४ मे
आज विचारलं. “बाबा, मधल्या खोलीवर काय टाकू?”

त्यांनी वर कवेलूंकडे पाहिलं.

“टिनच राहू दे.”

मला वाटलं, रागानं म्हणतात. पण नाही.

“वानरापुढं कवेलू टिकते काय? अन् देवमन आता चढते थोडाच. मोझरीत बसून मी तेच पक्कं केलं होतं. घरी गेलो का चंद्रभानले सांगतो म्हटलं, टाक बाप्पा टिन. आलो, तं टिन बसलेलं.”

मग म्हणाले, “तेवढी एक फट मांगणार होतो तुले.”

२६ मे
पूर्वेकडच्या टिनाला आज भोक पाडलं, वर काच बसवली, कडेनं डांबर लावलं. जागा बाबांनी खालून काठीनं दाखवली. खाट त्यांनीच आत आणली.