माळूच्या वाटचे मासे

धर्मडम, ९ फेब्रुवारी

चि. शैजा हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही मजेत. तुझ्या अम्माचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. मस्कतला थंडी सरली का?

रविवारी तुझा फोन आला आणि माळू उठून आली नाही. "लाडावून ठेवलंत माझ्या पोरीला, जूनमध्ये वसतिगृहातच टाकते," म्हणून तू फोन आपटलास. तेव्हापासून उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

चौथीतली पोर पुस्तक दिसलं की पळते, ही तुझी तक्रार खरीच होती. मग मी आमच्या विडीच्या कारखान्यातला कायदा घरी आणला. तिथे एकजण मोठ्याने वाचायचा आणि त्याच्या वाटच्या विड्या आम्ही बाकीचे वळायचो. घरात विड्या नाहीत, तारल्या आहेत. मासे साफ करायचा माळूला भारी कंटाळा. वाचनालयातून एका चोराची गोष्ट आणली आणि म्हटलं, "तू वाच, तुझे मासे मी करतो." लबाड लगेच बसली!

पण वाचताना इतकी अडखळायची की तुझी अम्मा म्हणाली, "अगं, चोर होडीत चढेपर्यंत मासे नासतील!" पोर रडकुंडीला आली. मी म्हटलं, "वाच गं तू, माझी टोपली अजून भरलेली आहे."

हळूहळू शेजारची रोहिणी चवळीच्या शेंगा मोडायला आमच्याच ओसरीवर येऊ लागली. मग तिची सासूही. रविवारी तर मासे कधीच संपले होते. मी हाक मारली, "माळू, आईचा फोन!"

"अच्चाच्चन, थांबा ना, चोर सापडतोय!" आजोबाला दटावलं तिने.

वर रोहिणीची सासू माझ्यावरच खेकसली, "कणारा, ठेव की तो फोन मेल्या!"

शैजा, म्हणून ती आली नाही. काम संपलं तरी पोर वाचतच होती! कारखान्यात जन्मभर ऐकलं, पण एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

वसतिगृहाचं बोलायचं मी टाळतोय. ती गेली तर हे घर मला खायला उठेल, ते आहेच. पण तिथे ती वाचेल तेव्हा ऐकायला कोण बसेल?

पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी फोन कर. मी तो माळूजवळ ठेवतो. तू बोलू नकोस, नुसती ऐक. मात्र आमच्या ओसरीवर रिकाम्या हाताने कोणी ऐकत नाही, तेव्हा तूही काहीतरी निसायला घेऊन बस.

माळूच्या वाटचे मासे आनंदाने साफ करणारा,
तुझा अच्छन
कणारन