दारापाशी उभा दादा

३ नोव्हेंबर

खोकला! पहाटे जाग आली ती त्याच खोकल्याने. खरा नव्हे, कानात मुरलेला. मी तेव्हा सातवीत. बाहेर कोणीतरी खोकत होतं, मग गप्प, मग पुन्हा. आई म्हणाली, "बघ रे कोण आहे ते. दार का वाजवत नाही मेला?" मी उघडलं. समोर हाडांचा सापळा, अंगावर कुणाचा तरी ढगळ कोट. "आत येऊ का?" म्हणाला. स्वतःच्या घरात! माझा थोरला भाऊ, फौजेत गेलेला. लढाई कधीच संपली होती, वडिलांनी त्याचे कपडेसुद्धा वाटून टाकले होते.

शत्रूच्या छावणीत कैद्याने दार उघडायचं नसतं. ते दुसरा उघडतो, दुसराच लावतो. दादाच्या हाताची ती सवयच मोडली होती. बंद दार दिसलं की नुसता उभा राहायचा. पुढे वहिनी आली आणि तिने घरातली दारं बिजागऱ्यांसकट उतरवली. "अगं, न्हाणीघराचं तरी ठेव!" आई ओरडली. तिथे पडदा आला. पाहुणे मोठमोठ्याने गात अंघोळ करायचे.

आणि अशा माणसाला आम्ही कुठे नेऊन ठेवलंय? जिथे प्रत्येक दाराला बाहेरून कडी!

५ नोव्हेंबर

भेटीचा दिवस. वृद्धाश्रम तसा जवळच, बाजाराच्या मागे. पण आत शिरलो की पाठीमागे खट् करून कडी पडते. निघताना इथल्या लोकांनी मला ओळखलंच नाही तर? "आजोबा, कुठे निघालात?" म्हणत हाताला धरून एखाद्या खाटेवर बसवलं तर? म्हणून मी टोपी काढत नाही, काठी सोडत नाही. पाहुणा दिसायला हवं.

दादा मागच्या दारापाशी उभा. पाठ भिंतीला, हात बाजूला. नर्सताई कौतुकाने म्हणाली, "सुभेदारांचा काही त्रास नाही बघा! सकाळपासून तिथेच असतात." तिला त्यात गुण दिसतो. माझ्या लहानपणी तो असाच उभा राहायचा — अगदी असाच.

"दादा, बसतोस का जरा?"

"हळू बोल."

एवढंच बोलला.

८ नोव्हेंबर

आज ऊन छान. कविता आठवत बसलो. शाळेतल्या सगळ्या अजून चालीसकट पाठ आहेत, सकाळचा चहा घेतला की नाही ते मात्र आठवत नाही.

दादा परत आल्यावर, अंगात जरा जीव आल्यावर, त्याने मला विचारलं ते काय? मार सांगितला नाही, उपास सांगितले नाहीत. "तुमच्या पुस्तकात ती नदीची कविता आहे ना रे? पहिल्या दोन ओळींच्या पुढे काय?" मास्तर त्याला कायम वर्गाबाहेर उभा करायचे, त्यामुळे त्याला दोनच ओळी यायच्या. तिकडे अंधारकोठडीत त्याच घोळवत बसला होता बिचारा. पुढचं आठवेना म्हणून वेड लागायची पाळी आलेली. मी छाती फुगवून अख्खी म्हणून दाखवली. त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "हॅट्! एवढंच? मी याहून बरी जुळवली होती."

त्याच्या कवितेत नदी डोंगराला शिव्या देते! मास्तरांनी ऐकली असती तर पुन्हा वर्गाबाहेर.

मग सगळा जन्म बस डेपोत गेला. इंजिनाची नस न् नस ठाऊक, पण बस कधी चालवली नाही — "दारं लावावी लागतात." सत्काराला बोलावलं की विचारायचा, "हॉलला दारं किती?" लोकांना वाटायचं, सुभेदार गमत्या आहेत.

१० नोव्हेंबर

चिरंजीव येऊन गेले. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं, मग हळूच — "बाबा, काकांना पुढच्या सोमवारी वर हलवतायत."

"वर म्हणजे?"

"वरच्या मजल्यावर. ते खाटेवर झोपतच नाहीत. दाराला अंग लावून जमिनीवर पडतात. कुणी अडखळलं तर?"

वरच्या मजल्याच्या खिडक्यांना गज आहेत. रस्त्यावरून दिसतात.

"त्याला घरी आणू या," मी म्हटलं.

"आणि बघणार कोण? तुम्ही? परवा मोजा काढता येईना म्हणून तसेच झोपलात!"

खरंच आहे. मीही हसलो. मग जाता जाता म्हणाला, "तुमचाही हळूहळू विचार करायला हवा, बाबा."

प्रेमानेच म्हणाला. पण तो गेल्यावर मी दाराला आतून कडी लावली.

११ नोव्हेंबर

वर गेला की दादा जिवंत खाली येत नाही. कैदेतून सुटला आणि कैदेतच जाणार!

१२ नोव्हेंबर

आज व्यवस्थापकांना ठणकावून सांगणार होतो. आरशासमोर म्हणूनही पाहिलं — "माझ्या भावाला मी घरी नेतोय!" ते समोर आले, चष्मा काढला, "बोला आजोबा." मी म्हणालो, "पंख्याचा फार आवाज येतो."

लाज! लाज!

दादा तिथेच, मागच्या दारापाशी. त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि विचारलं, "तू राहतोस कुठे?"

वहिनी गेल्यापासून आश्रमात जाईपर्यंत माझ्याच घरात, माझ्याच शेजारच्या खाटेवर होता हा! शाळेतल्या पोरासारखा मी पत्ता म्हणून दाखवला. "पुन्हा सांग." पुन्हा सांगितला. "जिना कुठल्या बाजूला?" तेही सांगितलं. डोळे भरून आले. सगळं पुसलं गेलंय त्याचं. आता त्याला वर नेलं काय, खाली ठेवलं काय.

१४ नोव्हेंबर

जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं, मलाच न्यायला आले.

१६ नोव्हेंबर, सकाळी

घाईत लिहितोय. आत्ता बेल वाजली. चिरंजीव असणार, माझी बॅग भरायला! किती वेळ हलताच येईना. शेवटी उघडलं.

एक म्हातारी. जन्मात कधी पाहिली नाही. अंगात आश्रमाचा निळा झगा, पायात एकच सपात, धाप लागलेली.

"सुभेदारांचे भाऊ तुम्हीच ना? आधी पाणी द्या. आणि दार लावू नका, जिन्यात अजून दोघं आहेत."

"तुम्ही... बाहेर आलात कशा?"

"दुधाची गाडी आली की मागचं दार उघडं राहतं. सुभेदारांनी कधीपासून बघून ठेवलंय."

"आणि दादा? दादा कुठेय?"

ती खुर्चीत बसली. पदराने तोंड पुसायला गेली, झग्याला पदर नव्हता. मग झग्याच्या बाहीनेच पुसलं.

"येतायत की. वरच्या मजल्यावरच्यांना आणायला गेलेत."